शहापूरच्या पुढचा चढ

नाना,

त्या सायकल शर्यतीला खर्च किती आला, असं काल दुकानात एकाने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सायकल घरचीच होती. पण शटर ओढताना मनात हिशेब मांडला तर तो जुळेना. तुमच्या चपलांची एक जोडी गेली, हे पहिलं. मी सराव करत होतो तो सबंध महिना तुम्ही कोपरीहून कोलशेतच्या कारखान्यात पायी जात होतात, हे दुसरं. संध्याकाळी येऊन गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसायचात. आई चुलीपुढून म्हणायची, "पोरगा चाकावर नि बाप पायावर. उलटाच कारभार!" तुम्ही म्हणायचात, "असू दे गं. तेवढीच मोकळी हवा." तिसरी गोष्ट मला उशिरा कळली. पायी जाण्यात तुम्हाला दोनदा उशीर झालेला, आणि पुन्हा झाला तर दुसरा माणूस बघतो, असं फोरमनने तोंडावर सांगितलेलं. हे आईने मला शर्यतीच्या आदल्या दिवशी, भाकऱ्या थापताना, माझ्याकडे न बघता सांगितलं.

रविवारी माझ्या दुकानात गिअरच्या सायकलींवाली तरुण मंडळी हवा भरायला थांबतात. त्यांना मी हटकून सांगतो, "आम्ही मडगार्ड-कॅरिअरवाल्या काळ्या सायकलवर ठाण्याहून खर्डीला जाऊन परत आलेलो. शहापूरच्या पुढच्या चढावर चौघांना मागे टाकलेलं मी!" "काय सांगता काका!" म्हणत ती निघून जातात. मीही गोष्ट तिथेच थांबवतो.

खरं म्हणजे मी पळणारा. मिठागरांच्या बांधांवर अनवाणी पळून पाय घट्ट झालेले, पितळेचे पेले मिळवलेले. सायकलच्या शर्यतीचं डोक्यातही नव्हतं. पण चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "हा काय, सरळ नाकासमोर पळणार. चाक सांभाळायला अक्कल लागते," आणि मी त्याच पावली जाऊन नाव देऊन आलो. तुम्हाला विचारलं ते नंतर. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "शर्यतीनंतरच्या सोमवारी माझी पहिली पाळी आहे. सायकल मला धड पाहिजे."

शर्यतीच्या पहाटे तुम्ही सायकल दारात उलटी करून ठेवलीत आणि पेडल हाताने फिरवलंत. "ऐक." मी कान दिला. सर्रर्र... टक. सर्रर्र... टक.

"ही कडी झिजलीय. सपाटीवर काही होणार नाही. चढावर उभा राहून जोर लावलास तर तुटेल."

"आणि तुटली तर?"

"तर आज तू चालत येशील. उद्या मी चालत जाईन."

एवढंच बोललात, आणि चेनला तेल घालायला लागलात.

भिवंडी गेली, पडघा गेलं, शहापूर गेलं. पुढे रस्ता वर चढायला लागला, तशी बाकीची पोरं सीटवरून उठून पेडलवर उभी राहिली. मीही उठलो. लगेच आवाज बदलला. टक नव्हे, कट्ट. दुसऱ्या फेरीला पुन्हा कट्ट. मला पुढचा चढ दिसेना, कारखान्याचं बंद फाटक दिसलं. मी खाली उतरलो, वहाणा कॅरिअरला अडकवल्या, एक हात हँडलवर, एक सीटवर, आणि पळत सुटलो.

नाना, पळणं तर माझं रोजचंच! वरचे चौघे नागमोडी जात होते, दम खात होते. मी एकेकाच्या बाजूने सायकल घेऊन पुढे निघालो. एक ओरडला, "अरे ए, सायकलीला फिरवायला आणलंस काय?" दुसरा मागून येणाऱ्या ट्रकमधल्या पंचांना म्हणाला, "साहेब, हा पळतोय बघा!" पंचांनी मान बाहेर काढली. "सायकल आहे ना त्याच्याबरोबर? मग पळू दे की."

ठाण्यात परत आलो तेव्हा बक्षिसं वाटून झालेली, माणसं पांगलेली. तुम्ही एका दगडावर बसून होतात. मला काही विचारलं नाहीत. आधी वाकून चेनवरून बोट फिरवलंत, पेडल एकदा फिरवलंत. टक. कडी शाबूत होती. मग माझ्या पायांकडे बघितलंत. तळव्यांना डांबर आणि खडी चिकटलेली. तुम्ही म्हणालात, "घरी गेल्यावर तेल लाव. चेनला नको, पायांना."

सोमवारी मी अंथरुणातूनच ऐकलं. गल्लीतून सायकल निघाली, टक, टक, करत कोपऱ्यावर वळली, आणि ऐकू येईनाशी झाली. त्या दिवशी तुम्ही वेळेत पोचलात. तो आवाज माझ्या कानात बसला, आणि पुढे त्यावरच माझं घर उभं राहिलं. गिऱ्हाईक सायकल घेऊन पायरीशी येतं तेव्हाच मला कळतं कुठे काय झिजलंय. लोक विचारतात, कुठे शिकलात? मी म्हणतो, दारातच.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा ते माझ्यापाशीच राहील. पण तुम्ही विचारलं नाहीत म्हणून राहिलेली एक गोष्ट सांगून टाकतो. चढावर मागे टाकलेले ते चौघेही उतारावर माझ्या पुढे निघून गेले.