सगळं हिरवं

माय, तुले अन् बाबाले जयभीम.

मी पुण्यात बरी हाये. फक्त ज्वारीची भाकर मिळत नाही.

कंपनीतलं कोणतं काम कुठं अडलं, हे पाहणारं ऑफिस आमच्या शाखेत उभं कराचं हाये. त्याचंच ट्रेनिंग चालू हाये. काम नीट असलं तर हिरवा रंग द्याचा, अडखळलं तर पिवळा, बुडून राह्यलं तर लाल.

सरावात मी सगळ्याच कामाले हिरवा देला. कोणी विचारलं का 'बरं हाये' म्हणाचं, आपल्या घरची रीतच! मॅडम म्हणाल्या, "धम्मशीला, लाल लपवलं तर मदत कशी पाठवायची?"

तवापासून वर्गात मन लागत नाही. रविवारी तू फोनवर म्हणली, सगळं बरं हाये. मंग शेजारची सिंधूकाकू फोनवर म्हणली, बाबा मोताळ्याच्या दवाखान्यात छातीची पट्टी, ते ईसीजी, काढाले बसले होते. मले काऊन नाही सांगितलं?

माझंही खरं सांगतो. जेवण हिरवं, झोप पिवळी.

फोनवर बाबा बाजूलेच असतात, म्हणून हे पत्र. वाचलं का काकूच्या फोनवरून मले बाबाचा फक्त रंग सांग. घरी याले नांदुऱ्याची गाडी मी पाहून ठेवली हाये.

तुझ्या फोनची वाट पाहून राह्यलेली,
शीला