फुटाला दोन मिलिमीटर

मावशी,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. रविवारी सकाळी तुमच्या सुनेने मला वर बोलावलं. तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली. आता ती तुमच्या चित्रांचं प्रदर्शन भरवते आहे.
२. शेवटची नऊ चित्रं दिवाणावर मांडून ती म्हणाली, "बघ, शेवटपर्यंत हात कसा होता आईंचा."
३. त्या नऊ चित्रांतले रंग तुमचे आणि रेषा माझ्या, हे मी तिला सांगितलं.
४. म्हणजे तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला.

तुम्ही आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलात तेव्हा मी अकरा वर्षांची होते. शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या बाई एवढीच तुमची ओळख होती. नाशिकचे बाकीचे चित्रकार गोदाकाठी घाट रंगवत बसायचे आणि तुम्ही घडीचं स्टूल घेऊन सातपूरची बस पकडायचात. कारखान्यांची करवतीच्या दातांसारखी छपरं, पाळी सुटल्यावरच्या सायकली, भिंतीवरचे ऑइलचे डाग. मला बरोबर न्यायचात, कारण सोबत पोर असली की वॉचमन हटकत नाही. पुढे डिप्लोमा करून मी तिथल्याच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन म्हणून लागले. याचा त्या बसशी संबंध आहे असं तुम्ही म्हणायचात. मी कधी कबूल केलं नाही.

मग तुमचा उजवा हात थरथरायला लागला. मोठा ब्रश धरता यायचा, बारीक रेष जमायची नाही. एका शनिवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी सेटस्क्वेअर लावून अख्खं शेड काढून दिलं. तुम्ही चहा गाळता गाळता पाहिलंत. "शेड उभं राहील गं, इंजिनीअरीणबाई. पण यात कामाला कोण जाईल?" मला राग आला. मी तुमची जुनी चौदा चित्रं घरी नेली, ट्रेसिंग पेपरवर रेषा उतरवल्या आणि मोजल्या. तुमची आडवी रेष उजवीकडे फुटाला दोन मिलिमीटर खाली उतरते आणि कोपऱ्याशी न थांबता जरा पुढे जाते. कारण साधं होतं: स्टूल बुटकं, कागद मांडीवर. दिवसभर ऑफिसात सरळ रेषा काढायच्या आणि घरी येऊन तुमच्यासारखी उतरती, असे तीन आठवडे गेले. चौथ्या शनिवारी कागद तुम्ही खिडकीशी उजेडात धरता. चष्मा पुसता. मग म्हणता, "कुणाला सांगू नकोस हं. हात गेला म्हणतील." मी हो म्हणते.

तो हो पाळणं तुम्ही असताना सोपं होतं. नंतर कुणी चित्रांचं कौतुक केलं की मी विषय बदलायची. तुमच्या सुनेशी तर पाण्याची टाकी आणि जिन्यातला दिवा यांपलीकडे मी बोलतच नव्हते. रविवारी तिला सांगताना वाटलं, आता ही चित्रं उचलेल आणि मला दार दाखवेल. ती आधी एका चित्रावर वाकली. मग तोंडावर पदर धरून हसायला लागली. "अगं बाई! आणि यांनी ओझरच्या त्या वैद्यांना पेढे नेऊन दिले, आईंचा हात सुधारला म्हणून! हात थरथरतो म्हणणाऱ्या चौघींना त्यांचाच काढा प्यायला लावलाय मी!" मीही हसले. आम्ही दोनदा चहा घेतला. खाली येताना लक्षात आलं की सहा वर्षांत त्या जिन्यावरून मी पहिल्यांदाच सावकाश उतरत होते.

शब्द मोडल्याचं वाईट वाटायला हवं होतं. तसं फारसं वाटत नाही, हे तुम्हाला कळलेलं बरं. तुमचा हात गेला होता, आणि तरी ती नऊ चित्रं झाली. हे ऐकून तुम्हाला कुणी कमी लेखलं नाही.

मी निघताना ती म्हणाली, "मग या नऊ चित्रांखाली दोघींची नावं टाकू या. रंग त्यांचे, रेषा तुझ्या." मी म्हटलं, "त्याची काही गरज नाही." हे खोटं होतं. कामावर मी रोज कितीतरी ड्रॉइंगवर सही करते आणि तिचं काही वाटत नाही. हे नाव मात्र मला हवं आहे.

हे पत्र कुठे टाकता येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी विचारायचं ते तुम्हालाच. चित्रांखालच्या पाट्या शुक्रवारी सकाळी छापायला जातात; तोवर मी तिला हो सांगू शकते. तुमची हरकत असेल तर गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा.