कडीपत्त्यातले बुलबुल आणि नलूचा उखाणा

९ मार्च, सोम.
मागच्या अंगणातल्या कडीपत्त्यात बुलबुलानं घरटं केलंय. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. अख्ख्या मलकपेठेत जोडप्याला पसंत पडलं ते आमचं झाड, त्यामुळे सकाळपासून छाती फुगलेली. बायकोला, नलूला, हात धरून दाखवायला नेलं. बघत राहिली. ओठ हलले. "बु..." मी लगेच, "बुलबुल! शाब्बास!" तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेली.
तिला पक्षाघाताचा झटका येऊन चार महिने झाले. हातपाय परत आले. समजतं सगळं. शब्द मात्र अडकतात.

१२ मार्च, गुरु.
दिलसुखनगर. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम. तेलुगू मुलगी, हिंदीतून विचारते, नलू मराठीत सांगते. कंगवा, चमचा, गाय, सगळं बरोबर. मग मॅडमनी विचारलं, "आंटी, अंकल का नाम क्या है?" नलू हसली, पदर सावरला, गप्प. मॅडमनी वहीत फुली मारली. मी म्हटलं, "मॅडम, हमारे में औरतां नाम नै लेते." फुली तशीच राहिली.
खरंच आहे. चाळीस वर्षांत नलूनं माझं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी "अहो".
पण रिक्षात डोक्यात आलं ते आलंच. तिला नाव घ्यायचं नव्हतं, की आठवत नव्हतं? विचारलं नाही. घाबरलो.

१४ मार्च, शनि.
शेजारच्या शबानाबी भिंतीवरून: "भाभी, तबियत कैसी है?" मी: "एकदम अच्छी." "नाश्ता करे क्या?" मी: "इडली खाए दो." मग त्या कमरेवर हात ठेवून, "भाईसाब, पूछरी मैं भाभी को, जवाब देरे आप. उनो कब बोलींगे?"
राग आला. गणिताचा मास्तर होतो, मूल फळ्यापाशी अडकलं की उत्तर सांगायची सवय आहे, त्यात काय एवढं. तारेवर साळुंक्यांचा कलकलाट चालला होता. नलूनं त्यांच्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. आणि खूप हसली.

१९ मार्च, गुरु. पाडवा
गुढी उभारली. कडुनिंबाचा पाला, गूळ, हिंग. नलूनं चिमूटभर तोंडात टाकलं, तोंड वाकडं केलं आणि स्पष्ट म्हणाली, "कडू." थोड्या वेळानं, "गूळ... कमी."
आपण होऊन! तीन शब्द! माझ्या तोंडात पाला होता म्हणून मला मधे पडता आलं नाही. तेवढंच कारण. शबानाबींकडे गुढीचा प्रसाद द्यायला गेलो तेव्हा गंभीरपणे सांगून टाकलं की तुमचं म्हणणं बरोबर होतं. त्या म्हणाल्या, "मालूम है."

२० मार्च
आजपासून उपाय. नलू बोलायला लागली की मी तोंडात लवंग ठेवणार. लवंग असेपर्यंत बोलायचं नाही.
संध्याकाळपर्यंत सात लवंगा. जीभ बधिर.

२६ मार्च, गुरु.
पिल्लं निघाली. दोन. नुसतं कातडं आणि उघडी चोच. आईबाप दोघंही किडे आणतात, आळीपाळीनं, आणि नरमादी मला अजून ओळखता येत नाहीत. नलूनं सांगितलं, "भूक... फार." बरोबर निरीक्षण.
चैत्राचं हळदीकुंकू यंदा रद्द करू या का, असं तिला विचारलं. लवंग नव्हती, म्हणून पुढे कारणंही सांगत बसलो. तिनं हात वर केला. "होणार." विषय संपला.

६ एप्रिल, सोम.
आज चुकलो.
सकाळी एक पिल्लू खाली, तुळशीपाशी. शेपूट अर्धी, उडायचं नाव नाही. मी अलगद उचलून घरट्यात ठेवलं. पाच मिनिटांत पुन्हा खाली. पुन्हा ठेवलं. मोठे दोघे डोक्यावर घिरट्या घालून मला शिव्या देत होते. तिसऱ्यांदा वाकलो तर नलूनं मागून सदरा धरला. "राहू... द्या."
"अगं, मांजर..."
"राहू द्या!" ओरडली. झटक्यानंतर पहिल्यांदा माझ्यावर ओरडली.
दोघं पायरीवर बसलो, मांजरासाठी काठी घेऊन. मोठा बुलबुल चोचीत अळी घेऊन आला, पण पिल्लाला दिली नाही. हातभर लांब, जास्वंदीवर बसला आणि बोलवत राहिला. पिल्लू किंचाळलं. तो तिथंच. पाऊण तासानं पिल्लानं धडपडत जास्वंद गाठली, तेव्हा अळी मिळाली. त्या पाऊण तासात मी तीनदा उठायला निघालो, तिन्ही वेळा नलूचा हात माझ्या गुडघ्यावर.
मी चाळीस वर्षं शिकवलं आणि हे मला माहीत नव्हतं. त्याला माया कमी होती असं कोण म्हणेल? अळी त्यानं खाल्ली नव्हती.

७ एप्रिल
दोन्ही पिल्लं शबानाबींच्या लिंबावर गेली. घरटं रिकामं.
नलू म्हणाली, "उखाणा. लिहा." मी वही घेऊन बसलो. तासात चार शब्द. लवंग नाही लागली.

९ एप्रिल, गुरु.
उखाणा झाला. तीन दिवस लागले. सगळा तिचा, मी फक्त लिहून घेतला:
कडीपत्त्यात बुलबुल, माठात पन्हं गार,
— रावांचं नाव घेते, लागला वेळ फार.
नावाच्या जागी तिनं मला रेघ मारायला लावली. म्हणाली, "तिथं... मी." मी कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत होतो.

१० एप्रिल, शुक्र.
हळदीकुंकू. चौदा बायका, शबानाबी धरून. आंब्याची डाळ नलूनं स्वतः वाटली. मी स्वैपाकघराच्या दारात, पन्ह्याचे पेले भरत.
कोणीतरी म्हणालं, "नलिनीताई, यंदा नाव राहू द्या हं." नलू उठून उभी राहिली.
"कडीपत्त्यात बुलबुल, माठात पन्हं गार." न अडखळता! माझे डोळे भरले, पेला सांडला.
आणि मग थांबली. ओठ हलताहेत, आवाज नाही. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तिनं मान न वळवता हात वर केला. "थांबा."
थांबलो. कोणाची बांगडीसुद्धा वाजली नाही. शेवटी नलू म्हणाली, "लागतोय... वेळ... फार." सगळ्या हसल्या, टाळ्या वाजवायला लागल्या. तिनं तेही थांबवलं.
"बाकी आहे," म्हणाली आणि ताठ मानेनं बसली.
एवढ्या बायकांसमोर अर्ध्या वाक्यावर उभं राहणं मला जमलं नसतं. तिच्यासारखी बायको माझ्या वाट्याला आली याचा मला आज लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त अभिमान आहे. नाव गेलंय की लाजतेय, ते अजून कळलेलं नाही.

११ एप्रिल, शनि.
सकाळी चहा. नलू समोर. कप खाली ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं, कपाळाला आठी. बराच वेळ.
माझ्या नावाचं पहिलं अक्षर आलं. बरोबर आहे.
पुढचं मी सांगणार नाही.