पोर्तुगालचं पाणी थंड असतं

प्रिय बाबू,

तुझी बहीण प्राजू परवा पोर्तुगालला निघणार आहे. म्हातारी माणसं सांभाळायचं काम मिळालंय तिला. घरची म्हातारी टाकून परक्या म्हाताऱ्यांना भरवायला! आणि कालपासून तिचा पासपोर्टच सापडत नाही. कपाट झालं, गाद्या झाल्या, देव्हाऱ्यामागे हात घालून झाला. आता डोळे सुजवून दारापुढच्या खळ्यात बसली आहे. मी म्हटलं, "आधी बाबूक पत्र लिव गो. मगे आठावात खंय ठेवलंस ता."

म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही, तुला ठाऊकच आहे. मी मालवणीत बोलते आणि ही शाळेतल्यासारखं शुद्ध करून लिहिते. तेव्हा मी मध्येच शहाणी वाटले तर दोष हिचा.

तुला जाऊन वर्ष झालं. वर्षभर मी तुझ्याशी मनातसुद्धा बोलले नाही. राग होता. अजून आहे.

आठवतं का रे, तारकर्लीच्या किनाऱ्यावर तू गळ्यात शिटी अडकवून उभा असायचास? पर्यटकांना होडीतून फिरवायचं आणि उरलेल्या वेळात त्यांना पाण्यातून हाकलायचं. कोणी कमरेच्या पुढे गेलं की तुझी शिटी माझ्या चुलीपर्यंत ऐकू यायची. "ओ भाऊ, भायर येवा! हो समुद्र आसा, तुमच्या गावचा तळा न्हय!" घरी आलास की भाकरीबरोबर त्यांना शिव्या. "आजये, समुद्र आमचो. आमका इचारूक तेंचा काय जाता?"

बरोबर होतं तुझं. मग तिकडच्या माणसांना विचारायला तुझं काय जात होतं?

मागच्या आठवड्यात प्राजूने मला बांद्याला नेलं. पोर्तुगालला जाणाऱ्या मुलांना एक माणूस त्या देशाची ओळख करून देत होता. भिंतीवर चित्रं दाखवली. निळ्या फरशा लावलेली घरं, चढावरून जाणारी पिवळी ट्राम, कोळशावर भाजलेली तारली मासळी. शेवटी समुद्र आला. मी विचारलं, "पाणी कसा आसा?"

"निळंशार, आजी!"

"रंग नाय रे. थंड काय ऊन?"

तो हसला. "आजी, पाण्यात कशाला जायचं? लोक तिथे वाळूत पडून राहतात!" सगळे हसले. मीही हसले. प्राजू तेवढी खाली बघत होती.

मग घरी आल्यावर मीच तिला त्या देशाची ओळख करून दिली, तू फोनवर सांगायचास तशी. दुकानात शिरलं की आधी 'बोम दिया' म्हणायचं, मग काय हवं ते मागायचं. पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि तेव्हा घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. एक मोठा मासा खारवून फळीसारखा सुकवतात. शिजवण्याआधी तो भिजत घालायचा, नाहीतर नुसतं मीठ खाल्ल्यासारखं होतं. गावाकडे काळे कपडे घातलेल्या विधवा म्हाताऱ्या दारात बसलेल्या असतात. तू म्हणायचास, "आजये, तुझ्यासारख्योच. येणाऱ्याजाणाऱ्याची सगळी चवकशी!" जमीन संपते तिथे तो देश आहे, पुढे नुसतं पाणी. आणि सूर्य आपल्यासारखाच समुद्रात बुडतो.

तिथेच फसलास ना, झिला? सूर्य आपल्यासारखा बुडतो म्हणून पाणीही आपल्यासारखं असेल, असं वाटलं तुला!

आपला समुद्र पेजेसारखा कोमट. तिकडचा भर उन्हाळ्यातही अंगाला चावतो. हे मला नंतर तुझ्या खोलीत राहणाऱ्या गोव्याच्या मुलाने फोनवर सांगितलं. किनाऱ्यावर लाल बावटा लावलेला होता. त्याने तुला दाखवलाही. तू काय म्हणालास? "अरे, मी तारकर्लीचो!"

त्या समुद्राला काय माहीत रे तारकर्ली?

तू शिरलास आणि एकदा ओरडलास. मजेने की थंडीने, ते त्या मुलाला कळलं नाही. मग लाट आली आणि तुझे हात हलेनात. पोहायला तू विसरला नव्हतास. अंगच ऐकेना.

तू जाताना मी सांगितलं होतं, तिकडच्या समुद्राला आधी नारळ दे, मग पाय घाल. आपल्याकडे नारळी पुनवेला नारळ दिल्याशिवाय तुझे आजोबा होडीला हात लावत नसत. तू म्हणालास, "आजये, तो समुद्र किरिस्तांव! तेका नारळ कित्याक?" मी पोट धरून हसले होते. चांगला विनोद होता.

मग तुझी पेटी आली. उघडू नका म्हणाले. वर कागद चिकटवलेला होता, त्यावर तुझं नाव आहे म्हणाले. मी त्याच्यावरून बोट फिरवलं. मला काय कळणार? लोक म्हणाले म्हणून तो तू. लोक म्हणाले म्हणून मी रडले. अजून किनाऱ्यावर शिटी वाजली की मी खळ्यात येऊन उभी राहते.

लिव गो, थांबू नको. ही म्हणते, "आजये, मी समुद्राकडे जावचंयच नाय. तुझी शपथ." ऐकलंस? माझीच शपथ आणि तीही खोटी! तारकर्लीची पोर संध्याकाळी जाणार कुठे, बाजारात? असली शपथ मला नको. जायचं तर जा, पण बावटा बघ. हिरवा असला तरी दारातल्या म्हातारीला विचार, आज समुद्र कसा आहे म्हणून. भाषा येत नसेल तर बोटाने विचार.

आणि पासपोर्ट उकड्या तांदळाच्या डब्यात आहे, तळाशी. मला वाचता येत नाही, पण त्यावरचे सिंह ओळखता येतात.

"आजये!" एवढंच ओरडून ही आत पळाली. मी इथे खळ्यात एकटीच बसले होते. आता आली आहे, कोपरापर्यंत तांदळाचा भुसा. माझ्याकडे पाठ करून बसली आहे, पण लिहिते आहे.

काय करू रे? वाटलं, विमान चुकेल, मग ही राहील. तांदूळ संपेपर्यंत राहिली असती. पुढे?

बाबू, तुला शब्द देते. हिला अडवणार नाही. फोन आला की जेवलीस का विचारायच्या आधी बावट्याचा रंग विचारीन. तू गेलास त्याच किनाऱ्यावर ही पहिल्यांदा नारळ देईल. वाळूत उभी राहून, पाय कोरडे ठेवून. नारळ देताना घालायचं गाऱ्हाणं मी हिच्याकडून पाठ करून घेतलंय. त्या समुद्राला मालवणी येत नसेल तर शिकू दे:

"आमचो एक घेतलंस. दुसरा मागू नको."

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझी आजये