मद्रासकडचा कारागीर

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावर चिडायचं मी सोडलेलं नाही. परवा साताऱ्याच्या घरी नातजावयानं परदेशातून आणलेला चिरूट पेटवला. पेटवला कसला, काडीची ज्योत थेट पानाला लावून जाळलाच. मी म्हणाले, "अरे, ज्योत लांब धर, पान आधी नुसतं तापू दे." सगळे हसले, आजीला यातलं काय कळतंय म्हणून. राग त्यांचा नाही आला, तुमचा आला. मला काय कळतं हे माहीत असलेला माणूस जगात एकच होता, आणि त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नाही.

दुसरी जर्मन लढाई सुरू झाली आणि बाहेरून येणारे चिरूट बंद पडले. तुम्ही पेन्शन घेऊन सांगलीजवळच्या आपल्या मळ्यात आला होता. पलटणीतली सारी नोकरी साहेबांच्या मेसमध्ये गेलेली, त्यामुळे चांगला चिरूट कसा असतो ते तुमच्या नाकाला आणि जिभेला ठाऊक. मग घरीच वळायचं तुम्ही मनावर घेतलंत. आतला तंबाखू आपल्या कृष्णाकाठचा, वरचं रेशमासारखं पान मद्रासकडून मागवलेलं. पण तुमची बोटं जाड, राकट. तुम्ही वळलेला चिरूट अर्ध्यात उकलायचा. मग एका दुपारी तुम्ही ओलं फडकं, बाकदार सुरी आणि पानांची चळत माझ्यापुढं ठेवलीत. म्हणालात, "तुजी शेवई लय बारीक असती. बघ जमतंय का." मी सातवी पास होऊन घरी बसलेली तुमची लेक. जमलं. नुसतं जमलं नाही, त्यात माझा जीव रमला. पानाची शीर न फाडता ओढून काढायची, आतलं तंबाखूचं भरण ना गच्च ना सैल ठेवायचं, आणि वरचं पान तिरकं लपेटत टोकाला डिंकाचं बोट लावून मिटवायचं. हात आपोआप चालायचे.

संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बसून माझा एक चिरूट ओढायचा. मी दाराआड उभी. आधी तो कानाशी धरून दोन बोटांत हलका दाबून बघायचा, पान वाळलंय का ते. मग न पेटवता एक ओढ. मग पेटवून डोळे मिटून घ्यायचे. राख झटकायची नाही. ती घट्ट, पांढरी, बोटभर उभी राहिली तर भरण नीट. "हितं दाबलंस." "वड न्हाई ह्याला, शीर ऱ्हायली आत." चूक असली की तुम्हाला शब्द सापडायचे. चूक नसली की तुम्ही उठून बैलांना वैरण टाकायला जायचा. मी रिकाम्या ओट्याकडे बघत राहायची. कौतुक म्हणजे तुमचं उठून जाणं, एवढंच मला समजून घ्यावं लागायचं.

मग आपण पाचगणीला गेलो. तुमचा जुना मेजरसाहेब तिथं बंगला घेऊन राहिलेला. वाटेत पान वाळू नये म्हणून ओल्या फडक्यातली पेटी मांडीवर धरायला मी बरोबर. पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालवलेली ती मोटार पसरणीच्या घाटात किती वेळा थांबली! साहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेत, आपण दोघं पायरीशी उभे. ते चिरूट उलटसुलट करून बघतात, हुंगतात, टोक कापतात, काडी लांबून फिरवतात. राख लांबत जाते. शेवटी ते म्हणतात, "लडाई शुरू हुई, तब से ऐसा चिरूट नहीं पिया. किसने बनाया?"

आणि तुम्ही म्हणालात, "मद्रास तरफ का कारागीर है, साब."

घाट उतरताना मी विचारलं, "आबा, कुठला कारागीर वो?"

तुम्ही दरीकडे बघत म्हणालात, "तुजं नाव घेतलं आसतं तर सायबानं चिरूट न्हाई, तुला बघितलं आसतं."

"आवं, पन घरात तरी कवा म्हनलासा का, चांगला हाय म्हनून?"

दुसऱ्या दिवशी मी सुरी धुऊन तुमच्यापुढं ठेवली. "आता त्या मद्रासवाल्यालाच बोलवा," म्हणाले. तुम्ही हट्टानं स्वतः वळायला बसलात, पानं फाडलीत, पण मला हाक मारली नाहीत. दिवसामागून दिवस असेच गेले.

एका दुपारी मला राहवलं नाही. साहेबांसाठी वळलेल्यातला उरलेला, माझ्याच हातचा एक चिरूट घेतला आणि गोठ्यामागं जाऊन पेटवला. धूर गिळायचा नाही, तोंडात खेळवून सोडायचा, हे तुमच्याकडे बघून ठाऊक होतं. पहिल्या ओढीला गुऱ्हाळाच्या काहिलीसारखा वास. मग भाजलेल्या शेंगांची चव आली, जिभेच्या कडेला थोडी सुंठ. मी दोष शोधत होते आणि अजून सापडला नव्हता. तेवढ्यात आई आली नि किंचाळली, "आगं, सुदीवर हायस का? बा बघंल की!" तुम्ही तिच्या मागंच उभे होता.

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तुम्ही आईला आत पाठवलंत आणि माझ्यासमोर दगडावर बसलात. नजर माझ्या तोंडाकडे नाही, राखेकडे. विचारलंत, "कसा हाय?"

मी आणखी एक ओढ घेतली. "वडीच्या शेवटाला कडू हुतोय. भरण जरा वलं ऱ्हायलंय."

"व्हय. सायबाचाबी तसाच हुता. त्याला कळलं न्हाई," तुम्ही म्हणालात, आणि उठून गेलात.

दुसऱ्या दिवशी मी परत वळायला बसले. साहेब बंगला विकून विलायतेला गेले तोवर वळत होते. मग लग्न होऊन इस्लामपूरला गेले आणि ते सगळं संपलं. साहेबाला कळलं नाही ते मला कळलं, असं तुम्हाला म्हणायचं होतं का? मग तसं सरळ म्हणायला काय झालं होतं, आबा? एक वाक्य. ते जुळवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि अजून खात्री नाही.

हे पत्र टाकायला पेटीच नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. कडू होत होता हे खरं. पण दोष काढला तो तुम्हाला दाखवायला, की मलाही कळतं. चिरूट मला लय आवडला होता. तुम्ही गेल्यावर मी तो बोटं भाजेपर्यंत ओढला.