मलपृष्ठाचा दर

फ्रीमाँट,
९ जून २००४

ती. नीलाताईस,
शशिकांतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून माझी चूक कागदावर कबूल करतो. आधी पूर्ण वाच, मग ओरड.

तुझ्या भाचीची रेसची गाडी तुला ठाऊक आहे. बाहेरून जुन्या मोटारीसारखी दिसते, पण पाव मैलाची सरळ पट्टी साडेसहा सेकंदांत कापते आणि थांबायला तिला पॅराशूट लागतं. गाडी हिमानीची स्वतःची, पण दर दोन रेसनंतर इंजिन उघडून नवे भाग घालावे लागतात. तो खर्च एका रंगाच्या कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर चालायचा, आणि करारमदार ब्रॅड नावाचा तिचा मॅनेजर बघायचा.

गेल्या शनिवारी त्या कंपनीचे मिस्टर हॅरिस आमच्याकडे जेवायला आले. तुझ्या भावजयीनं, सुहासिनीनं, श्रीखंड-पुरी केली होती. जेवणानंतर त्यांनी खिशातून पाकीट काढलं. उरलेल्या सीझनचा चेक होता. मला वाटलं, पाहुण्याचे हात अजून ओले आहेत आणि आपण लगेच घ्यायला पुढं व्हायचं? मी आपला म्हणालो, की अहो, राहू द्या, कशाला एवढं, आमचं चाललंय व्यवस्थित. म्हटलं आता ते आग्रह करतील, मी पुन्हा नको म्हणेन, मग घेऊ. ताई, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही! पाकीट खिशात ठेवलं, माझं कौतुक केलं आणि गेले.

ब्रॅडकडे कोडी नावाचा आणखी एक ड्रायव्हर आहे. या कुटुंबाकडे स्वतःचा पैसा आहे, असं ब्रॅडनं सोमवारी कंपनीला कळवलं आणि तोच चेक कोडीच्या गाडीला मिळवून दिला. हिमानीनं हॅरिसना फोन केला, तेव्हा कागदांवर सह्या होऊन गेल्या होत्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रेसपर्यंत पैसा उभा राहिला नाही तर गाडी विकायची, असं पोरीनं मला सोडून सुहासिनीला सांगितलंय, तेच फार लागलं. मला काही सुचत नाही.

लोभ आहेच, तो हे वाचूनही राहावा.
तुझा,
शशिकांत


श्रूजबरी,
१७ जून २००४

चि. शशिकांत यास,
नीलाताईचे आशीर्वाद. सध्या अर्धेच.

वाचलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कपाळावर हात मारून घेतला. अरे गाढवा, भीड भिकेची बहीण, हे तू चड्डीत होतास तेव्हापासून आई सांगत होती. पंचवीस वर्षं झाली तुला या देशात. इथं नको म्हणजे नकोच. माझ्या पहिल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मी असंच नको नको केलं आणि घरी येऊन वरणभात लावला. त्या दिवसापासून मी पहिल्या झटक्यात हो म्हणते.

आणि तो ब्रॅड म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. त्याचा करार हिमानीनं वाचला होता, की तुझ्यासारखीच हसून सही केली? एखाद्या वकिलाला दाखवा.

आता नीट ऐक. इथल्या मंडळाची दिवाळीची स्मरणिका मी सतरा वर्षं काढतेय. एकही बडा जाहिरातदार नाही. दातांचा डॉक्टर पाव पान देतो, किराणावाला अर्धं पान, आणि ज्याला तेवढंही जमत नाही त्याचं शुभेच्छुक म्हणून एका ओळीत नाव. थेंबे थेंबे तळे साचे. हिमानीची गाडी म्हणजे चाकं लावलेली स्मरणिका समज. बॉनेट म्हणजे मुखपृष्ठ, दारं म्हणजे पूर्ण पानं, मडगार्ड पाव पान. तुमच्याकडे निम्मं गाव आपलं आहे, घरोघरी जा.

मागची बाजू मात्र शेवटपर्यंत कुणाला देऊ नकोस. मलपृष्ठ सगळ्यात महाग असतं. मागे पडलेल्याला तेच दिसत राहतं.

काम झालं की उरलेले आशीर्वाद पाठवीन.
तुझी,
नीलाताई


फ्रीमाँट,
८ ऑगस्ट २००४

ती. नीलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिल्या दिवशी किराणावाल्याच्या दारात मी दहा मिनिटं नुसता भेंडी निवडत उभा होतो. शेवटी सुहासिनीनं मागून कोपर मारलं, तेव्हा तोंड उघडलं. ताई, तो लगेच हो म्हणाला! वर विचारलं, की दुकानाच्या नावाची चिठ्ठी बॉनेटवर बसेल का. तेव्हापासून मला चटकच लागली आहे. आता आमच्या गाडीवर दोन दंतवैद्य, एक मोटेल, भरतनाट्यमचा क्लास, इन्कम टॅक्सवाला आणि ऑर्डरप्रमाणे मोदक करून देणाऱ्या कांचनवहिनी आहेत. मोदकाचं चित्र डाव्या दारावर आहे. बाकीच्या टीमची पोरं येऊन विचारतात हा लसूण कसला.

करार वकिलाला दाखवला. हिमानीच्या स्पॉन्सरचा पैसा त्याच गटातल्या दुसऱ्या ड्रायव्हरला मिळवून द्यायची ब्रॅडला मनाईच होती. हिमानीनं त्याला स्वच्छ शब्दांत निरोप दिला. गडी गेला, पण दोन्ही मेकॅनिक सोबत घेऊन गेला. आता हिमानी आणि तिची मैत्रीण स्वानंदी आमच्याच गराजमध्ये इंजिन उघडतात. मी सॉफ्टवेअरवाला, मला बोल्ट धुवायचं काम आहे. रविवारी मंडळाचे लोक डबे घेऊन येतात आणि सल्ले देतात. डबे चांगले असतात.

अजून तीन हजार डॉलर कमी आहेत, आणि त्याशिवाय ऑक्टोबरची रेस नाही. हिमानी हसते, पण गाडी विकायच्या जाहिरातीचा मसुदा तिच्या टेबलावर मी पाहिला आहे.

लोभ वाढवावा, आणि जमल्यास ते अर्धे आशीर्वाद आगाऊ द्यावेत.
तुझा,
शशिकांत


श्रूजबरी,
१ सप्टेंबर २००४

चि. शशिकांत यास,
आशीर्वाद. अजून अर्धेच, आगाऊ नाहीत.

सोबत तीन हजारांचा चेक आहे. नको म्हणायचं नाही, एकदाही नाही.

ही जाहिरातच आहे, मदत नव्हे. हिमानी नऊ वर्षांची असताना सुट्टीत आमच्याकडे आली होती, तेव्हा आमच्या ह्यांनी तिला पहिल्यांदा रेस दाखवायला नेलं होतं. तिच्या कानांत कापूस घालून स्वतः मात्र दोन दिवस बहिरे होऊन बसले. ते असते तर यंदा तिथं बोल्ट धूत बसले असते, तुझ्यापेक्षा चांगले. ड्रायव्हरच्या दाराला आतून, तिला दिसेल असं, पुरुषोत्तम एवढंच लिही. बाहेरून कुणाला दिसायची गरज नाही. मला त्यांची फार आठवण येते रे.

माझी माया आहेच, तुम्ही तिघं जपून राहा.
तुझी,
नीलाताई


फ्रीमाँट,
२५ ऑक्टोबर २००४

ती. नीलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकली! आपली हिमानी जिंकली!

काल फायनलला समोर कोण असावं? कोडीच. चकचकीत गाडी, बॉनेटभर एकच नाव, आठ मेकॅनिक आणि काळा चष्मा लावलेला ब्रॅड. आमच्या बाजूला आपली स्मरणिका, स्वानंदी आणि चिवड्याचा डबा धरलेला मी. आजवर प्रत्येक रेसला मी डोळे मिटून घ्यायचो. काल मिटले नाहीत.

दिवे लागले. शेवटचा पिवळा म्हणजे सुटायचा इशारा. तो पेटला आणि हिमानी सुटली. कोडीचा पाय एक क्षण घुटमळला, तेवढंच. पाव मैल त्याची गाडीच जास्त वेगानं धावली, घड्याळ तेच सांगतं. पण ही आधी निघाली होती ना! तीन शतांश सेकंदांनी जिंकली. सुहासिनी अशी ओरडली की पुढची बाई दचकून उठली. मी रडलो, सगळ्यांदेखत.

मग मिस्टर हॅरिस आले. पुढच्या पूर्ण वर्षाची स्पॉन्सरशिप देऊ केली. अट एकच, बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या काढायच्या. मी हिमानीकडे पाहिलं. ती दाराच्या आत हात ठेवून उभी होती. मी नको म्हणालो. आमच्यात तीनदा विचारतात, हे त्यांना तिनं कधीतरी सांगितलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं आणि मग हसत तिसऱ्यांदाही विचारलं. ताई, जन्मात पहिल्यांदा माझं तिसरं नको खरंखुरं नको होतं.

वर मी त्यांना सांगितलं, की मागची बाजू तेवढी रिकामी आहे, मलपृष्ठाचा दर पडेल. तुझ्या हिशेबाच्या दुप्पट आकडा सांगितला. ते पहिल्या झटक्यात हो म्हणाले, आणि मी पहिल्या झटक्यात हात पुढं केला. विक्रीची जाहिरात हिमानीनं काल रात्रीच फाडली.

उरलेले आशीर्वाद आता चुकते करावेत. लोभ आहे तसाच, फक्त गाढवा म्हणणं थोडं कमी करावं.
तुझा,
शशिकांत

ता. क. आत्या, हे मी स्वतः लिहिते आहे, बाबांनी फक्त स्पेलिंग बघितलं. तू म्हणतेस तसं पहिल्या झटक्यात निघाले. काकांचं नाव कोडीच्या आधी पोचलं. दोनशे पंधरा मैलांच्या स्पीडनं.
तुझी,
हिमानी