तिसऱ्या लेन्समधला हात

दवनीवाडा
८ डिसेंबर २०२४

चि. हेमेंद्र,

आशीर्वाद. इकडे सारे खुशाल आहेत असं पत्रात लिहितात, म्हणून लिहिलं. धान कापून झाला, मळणी बाकी आहे. म्हैस व्याली. फोनवर बोलली तर तू मधातच "आजी, ऐक ना" करशील, म्हणून लिहून राहिली. दोनच वर्ग शिकली मी, अक्षर लावून वाच.

काल शेजारची पुष्पाबाई फोन घेऊन आली. "रुख्माबाई, तुमच्या नातवानं तुमच्या हाताचा फोटो नागपूरले प्रदर्शनात टांगला. दरवाज्याएवढा!" पाहिलं. माझाच होता.

दिवाळीत तू तो रोलचा कॅमेरा अन् जुन्या बाजारातल्या तीन लेन्स घेऊन आला. कोणती शार्प ते पाहायचं म्हणे. आधी भिंतीवर पेपर चिकटवून फोटो काढले. मग म्हणे बारीक रेघा पाहिजेत, आजी, हात दे, बाही वर कर. हलू नको, हलली तर दोष लेन्सचा का तुझा ते समजणार नाही. मी लांब बाही कधी कोणापुढे वर केली नाही. तुझ्यापुढे काऊन केली? तू म्हटलं, हा रोल तपासणीचा आहे, फेकून देणार.

आठ दिवसांनी फोटो आणून मलेच विचारलं, कोणती घेऊ? पहिलीत गोंदण म्हणजे हिरवा डाग. दुसरीत मधात साफ, कोपरे पातळ वरणासारखे. तिसरीत हाताचा केस न केस मोजून घे. अन् डागात चार अक्षरं. तू मोठ्यानं वाचलं, "रामलाल."

मग सांगितलं तुले. केशोरीचा रामलाल माझा पहिला नवरा, चौथ्याच महिन्यात तापानं गेला. बापानं तुझ्या आज्याशी, खेमराजशी, पाट लावला. आज्या शिकलेला, त्यानं नाव वाचलं. मी लाजेनं बिब्बा लावून ते जाळून राहिली होती, तर हात धरला, खोबरेल लावलं, अन् लांब बाह्यांचे दोन पोलके शिवून आणले. मरेपर्यंत ते नाव तोंडातून काढलं नाही.

तू पाया पडून म्हटलं, "आजी, हे इथंच राहील."

फोटोखाली तू लिहिलं, 'आजीनं लपवलेलं नाव'. आज्या कुठं गेला त्याच्यात? अर्धंच कायले लिहिलं? बिनकामाची गोष्ट वाटली का तुले त्याची?

खुमेंद्रनं, तुझ्या बापानं, लहानपणी बाहीखाली काय गोंदलं विचारलं, तर मी सांगितलं की ते देवाचं नाव आहे. खोटं होतं. ते माझं, तुझ्यावर ढकलत नाही. आता फोटोत नाव वाचलं, मी पहिल्या नवऱ्याचं सांगितलं, तर तो विचारते, "बाबूजीले माहीत होतं का?" मी हो म्हणते. तो म्हणते, "देवाचं नाव घेऊन फसवलं तू मले, बाबूजीले बी फसवलं असशील." कालपासून माझ्या हातचं जेवत नाही. स्वतः भात टाकून घेते.

फोटो टांगायच्या आधीच मी तुले आज्याचं सारं सांगितलं होतं, हे तुझ्याशिवाय दुसरं कोणी सांगू शकत नाही. ये, बापासमोर उभा राहा अन् सांग. गप्प राहायचं कबूल केलं होतं, हेही सांग. निगेटिव्ह आण, माझ्या हातात दे. फोनवर रडू नको, मले चालत नाही.

खेमराजची बायको,
रुख्मा